मोहिनी, मैना आणि चंद्रकला

गेल्या महिन्यात भिवंडीनजीक वळ येथे एका स्नेह्यांच्या घरी दोन दिवस राहण्याचा योग आला. गावाभोवती पूर्वी भाताची खाचरे होती. आता जिकडे पाहावे तिकडे मालाची गोदामे आणि अवजड मोटारींच्या रांगा. दिवसभराचा तो गलबला ओसरल्यावर रात्री घरातील तीन पिढ्या एकत्र बसल्या आणि दोन रात्रींत दोन जुने मराठी बोलपट पाहून झाले : पहिला १९३९ सालचा ‘माणूस’ आणि दुसरा १९७२ सालचा ‘पिंजरा’. दोन्ही व्ही. शांताराम यांनीच दिग्दर्शित केलेले. दुसऱ्या रात्री खेळ संपताच तरुण मंडळी म्हणू लागली, “त्या बाईने मास्तरांचा सत्यानाश केला.” कोपऱ्यात बसलेल्या वृद्ध आजीबाई एवढेच म्हणाल्या, “अरे, हाक तिने मारली असेल, पण पाय तर त्याचेच होते ना?” त्या प्रश्नाने आमची झोप उडवली, आणि प्रस्तुत लेखाचे निमित्तही तोच प्रश्न होय.

पुरुषाला भुलवून नाशाच्या कड्यापर्यंत नेणारी स्त्री ही काही पडद्याने निर्माण केलेली नाही. आमच्या पुराणांत मेनका आहे, सुंद-उपसुंदांना एकमेकांच्या हातून मारविणारी तिलोत्तमा आहे. परंतु वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की या अप्सरा स्वतःच्या इच्छेने कोठेही जात नाहीत. भय इंद्राला वाटते, आज्ञा इंद्राची असते, तप विश्वामित्राचे मोडते, आणि पिढ्यान्‌पिढ्या नाव मात्र मेनकेचे निघते. तिला स्वर्गातून खाली येण्याची हौस होती काय, हे कोणी विचारीत नाही.

पश्चिमेकडे या नायिकेला तिचे प्रसिद्ध रूप अमेरिकेतील गुन्हेपटांनी दिले. १९४६ साली फ्रेंच टीकाकारांनी या पटांना ‘फिल्म नोआर’, म्हणजे काळा चित्रपट, असे नाव दिले. बिली वाइल्डर यांचा १९४४ सालचा ‘डबल इन्डेम्निटी’ हा त्यांतला नमुन्याचा पट. त्यात बार्बरा स्टॅनविक हिने वठविलेली गृहिणी एका विमा-एजंटाला हाताशी धरून नवऱ्याचा काटा काढते व विम्याच्या रकमेवर डोळा ठेवते. युद्धकाळात तेथील स्त्रिया मोठ्या संख्येने कारखान्यांत व कचेऱ्यांत शिरल्या होत्या. स्वतःच्या पैशाची व स्वातंत्र्याची चव घेतलेल्या या स्त्रीविषयी पुरुषाच्या मनात जे भय दाटले, त्याचे प्रतिबिंब अनेक टीकाकार या पटांत पाहतात. तेथील त्या वेळच्या नियमावलीप्रमाणे गुन्ह्याला शासन घडलेच पाहिजे होते, म्हणून शेवटी ती मरते. मात्र मरेपर्यंत तिला स्वतःची इच्छा असते. ती वाईट असेल, पण ती कोणाच्या आज्ञेने वागत नाही.

आता ‘माणूस’कडे वळू. पुण्याच्या ‘प्रभात’च्या या चित्रात शाहू मोडक यांचा गणपत हा साधा पोलीस शिपाई, आणि शांता हुबळीकर यांची मैना ही वेश्या. पोलिसांची धाड पडते, गणपत तिला अटकेतून वाचवितो, आणि दोघांत प्रेम जडते. शांताराम १९३३ साली जर्मनीस जाऊन आले होते. तेथील चित्रपटांतील छाया-प्रकाशाचे नाट्य १९३४ च्या ‘अमृतमंथना’त दिसते, तसेच येथील ओल्या, अंधाऱ्या गल्लीतही. त्या काळोखात बाई उभी करायची म्हणजे ती मोहिनीच असणार, अशी प्रेक्षकाची अटकळ असते. शांतारामांनी ती उलटवली. मैना गणपताला खाली ओढीत नाही. उलट, आपल्या सावलीने तो मळेल या धास्तीने तीच मागे सरते. गणपत तिला आपल्या भाविक आईकडे नेतो, तेव्हा म्हातारीच्या चांगुलपणानेच तिचा धीर सुटतो. हा प्रसंग आम्हांस सर्व चित्रात श्रेष्ठ वाटतो. कारण येथे कोणीही दुष्ट नाही, तरीही दार बंदच राहते.

पण स्तुती येथेच थांबविली पाहिजे. मैना एका लोभी नातलगाचा खून करते, जन्मठेप भोगू लागते, आणि गणपत सोडवावयास तयार असताही ती नकार देते. गणपत काही काळ खचतो व पुन्हा कामावर जातो. १९३५ च्या ‘देवदास’मधील रडक्या प्रेमवीराला हे उत्तर होते असे म्हणतात, आणि उत्तर म्हणून ते निरोगीही आहे. परंतु हा निरोगीपणा कोणाच्या खर्चाने आला? जगण्याचा धडा पुरुषाने घ्यायचा आणि फी मैनेने कोठडीत बसून भरायची! अमेरिकन मोहिनी दुष्ट म्हणून मरते, आमची मैना सुष्ट म्हणून तुरुंगात जाते; गावात राहण्याची परवानगी दोघींनाही नाही.

तेहेतीस वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने ‘पिंजरा’ काढला. त्याचा मूळ आराखडा १९३० सालच्या ‘द ब्ल्यू एंजल’ या जर्मन पटाचा, आणि त्या पटाला आधार हाइनरिश मान यांच्या १९०५ सालच्या कादंबरीचा. येथे आदर्शवादी मास्तर डॉ. श्रीराम लागू यांनी केला आहे आणि तमासगीर चंद्रकला संध्या यांनी. मास्तर गावाला सन्मार्गाला लावतात, तमाशाचा फड हुसकून देतात. चंद्रकला सूड घेण्याची प्रतिज्ञा करते व ती पुरीही करते. पुढे मास्तर मेले असे समजून गाव त्यांचा पुतळा उभारते, आणि जिवंत मास्तरांवर स्वतःच्याच खुनाचा आरोप येतो. गावाची श्रद्धा भंगू नये म्हणून ते गप्प राहून फाशी पत्करतात. ही कल्पना जबरदस्त आहे, आणि लागूंच्या चेहऱ्यावरील उतरती कळा पाहताना मन हेलावते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र चंद्रकलेची बाजू चित्राने मांडून लगेच विसरून टाकली आहे. फड हुसकला म्हणजे काय झाले? नाचणारी, ढोलकीवाला, सोंगाड्या, सामान वाहणारा गडी, अशा साऱ्या बिऱ्हाडाची चूल विझली. मास्तरांच्या सुधारणेत या माणसांना जागाच नव्हती. चंद्रकलेचा संताप हा प्रथम पोटाचा व अपमानाचा आहे. चित्र त्याला केवळ रूपाचा गर्व बनविते, म्हणजे मग मास्तरांच्या सुधारणेला जाब विचारावा लागत नाही. आणखी एक विसंगती पाहा. लावणीने माणूस बिघडतो असे सांगणाऱ्या या चित्राला प्रेक्षकांनी जी गर्दी केली, ती पुष्कळ अंशी जगदीश खेबुडकर यांच्या लावण्या व राम कदम यांचे संगीत यांच्यासाठीच. जिच्या नाचावर गल्ला भरला, तिलाच चित्राने दोषी ठरविले.

कोणी म्हणेल, करमणुकीच्या खेळाला एवढे गांभीर्य कशाला? आमचे उत्तर असे, की हे खेळ घरात, मुलींच्या शेजारी बसून पाहिले जातात. पुरुष घसरला की बाई शोधायची, ही सवय मुलगे तेथेच उचलतात; आणि आपल्याकडे कोणी पाहिले तर दोष आपला, ही धास्ती मुलीही तेथेच उचलतात. तमाशाच्या फडात पोट भरणाऱ्या स्त्रियांना तर गावात आजही जी नजर सोसावी लागते, तीत या कथांचा वाटा लहान नाही. म्हणून ही चित्रे पाहू नयेत असे आम्ही म्हणत नाही. ‘माणूस’ तर प्रत्येक घराने पाहावा, ‘पिंजरा’ही पाहावा. फक्त खेळ संपल्यावर लगेच दिवा मालवून निजू नये. बाईने काय केले याची चर्चा होईलच. तिच्यापुढे दुसरा मार्ग कोणता ठेवला होता, हेही मुलांना विचारावे.

वळच्या त्या घरी आजीबाईंच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने सर्वांत धाकटी नात म्हणाली, “आजी, मग मास्तरांनी गावाला खरे का नाही सांगितले?” आजीबाई म्हणाल्या, “पुतळा झाला होता ना बाळ त्याचा.” बाहेर मालमोटारी पुन्हा सुरू झाल्या होत्या, आणि मंडळी अंथरुणे घालू लागली.