'विनेगर रंग पक्का करतं' : एका वाक्याची झाडाझडती

मागच्या हिवाळ्यात मी मावसबहिणीच्या बाळासाठी टोपडं विणलं. लोकर मीच घरी रंगवली होती, खाण्याच्या पिवळ्या रंगानं. देताना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "ताई, विनेगर घातलंय, रंग जायचा नाही." आठवड्याभरात फोन आला. टोपडं पांढऱ्या लोकरी स्वेटरबरोबर भिजवलं होतं आणि स्वेटरची एक बाही पिवळी झाली होती. ताई "अगं चालतं" म्हणाली, पण मला काही ते चाललं नाही. कारण मी पीएचडी करतेय तीच मुळी प्रथिनांना रंगाचे रेणू कसे चिकटतात या विषयावर!

म्हणून आज त्या एका वाक्याची झाडाझडती. ॲसिड डाय वापरून घरी लोकर रंगवायची कृती तुम्ही कुठेही वाचा, त्यात बहुतेक वेळा हे असतंच: 'दोन-तीन चमचे विनेगर घाला, म्हणजे रंग पक्का बसेल.' माझं म्हणणं असं, की या वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे आणि दुसऱ्यानं पुष्कळ घोटाळा करून ठेवलाय.

आधी बरोबर काय ते

लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांत असतं तेच प्रथिन. त्यात अमिनो गट असतात. पाणी आम्लधर्मी झालं की त्यांना हायड्रोजन आयन चिकटतो आणि ते धनप्रभारित होतात. ॲसिड डायच्या रेणूवर सल्फोनेट गट असतात, ते ऋणप्रभारित. मग दोघांची ओढाओढ सुरू होते आणि रंग पाणी सोडून धाग्याकडे जातो. रेशीम आणि नायलॉन या रंगांनी रंगतात ते याचमुळे. सुती धाग्यात असे गट नाहीत, म्हणून त्यावर हे रंग टिकत नाहीत. 'ॲसिड डाय' या नावाला घाबरू नका. आम्लधर्मी पाण्यात वापरायचा रंग, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा आम्ल हवंच. पण ते रंगाला धाग्यात *जायला* लावतं. तो तिथे *राहील* की नाही, हा वेगळा प्रश्न आहे.

धुताना काय होतं

विचार करा, पहिल्याच धुण्यात विनेगर निघून जातं. साबणाचं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं. अमिनो गटांवरचा धनप्रभार कमी होतो, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा हात सैल पडतो. आता रंग टिकायचा तो दुसऱ्या आधारावर: रेणू किती मोठा आहे, आणि पाण्यापासून दूर राहणारे त्याचे भाग लोकरीच्या तशाच भागांना किती घट्ट बिलगतात यावर. हे रंगाच्या जातीवर ठरतं. विनेगरच्या चमच्यांवर नाही.

ॲसिड डायच्या दोन मुख्य जाती लक्षात ठेवा. 'लेव्हलिंग' रंगांचे रेणू लहान असतात. ते धाग्यात सहज हिंडतात, म्हणून रंग एकसारखा येतो. पण आत शिरायला सोपं तसं बाहेर पडायलाही सोपं. 'मिलिंग' रंगांचे रेणू मोठे. लोकरीचं कापड ओलं करून कुटून दाट करतात त्या प्रक्रियेला मिलिंग म्हणतात. ती सोसणारे रंग म्हणून हे नाव. ते धुण्यात टिकतात, पण एकदा जिथे बसले तिथून सहसा हलत नाहीत, त्यामुळे घाई केली की डाग पडतात.

माझा खाण्याचा पिवळा म्हणजे टारट्राझिन. योहान हाइनरिश त्सीग्लर यांनी तो १८८४ मध्ये तयार केला. मिठाईत तो ई १०२ असतो, आणि रंगाऱ्यांच्या यादीत त्याचंच नाव ॲसिड यलो २३! तो पडतो लेव्हलिंग बाजूला.

खात्री करायला मी १०-१० ग्रॅम लोकर घेतली, एक टारट्राझिनमध्ये आणि एक मिलिंग प्रकारच्या निळ्यात. विनेगर, उष्णता, वेळ सगळं सारखं. दोन्ही भांड्यांतलं पाणी शेवटी जवळजवळ स्वच्छ झालं. मग दोन्हींना पांढऱ्या लोकरीचा तुकडा टाचून कोमट साबणपाण्यात धुतलं. पिवळा एकसारखा आला होता, पण तुकडा पिवळा झाला. निळा डागाडागांचा आला होता, तुकडा मात्र पांढराच राहिला. एका घरगुती प्रयोगानं काही सिद्ध होत नाही, पण जे पुस्तकात वाचत होते ते डोळ्यांनी दिसलं. 'पाणी स्वच्छ झालं म्हणजे रंग पक्का' हा कृतींमधला दुसरा लाडका दाखलाही तिथेच गळून पडला. स्वच्छ पाणी एवढंच सांगतं, की रंग धाग्यात गेला.

मग चुकीच्या वाक्यानं बिघडतं काय?

एक, रंग जायला लागला की लोक आणखी विनेगर ओततात. मिलिंग रंगात सुरुवातीलाच जास्त आम्ल पडलं, की रंग झडप घालून बसतो आणि डाग पडतात. हाताने रंगवलेली चट्ट्यापट्ट्यांची लोकर हवी असेल तर हेच आपल्या पथ्यावर पडतं; धागा आधी विनेगरच्या पाण्यात भिजवतात ते त्यासाठीच. पण एकसारखा रंग हवा असेल, तर आम्ल थोडं आधी आणि उरलेलं नंतर, धागा क्षणभर बाहेर काढून घाला.

दोन, उष्णतेकडे दुर्लक्ष होतं. ४० अंश सेल्सिअसच्या खाली रंग लोकरीत फारसा शिरत नाही. पाणी हळूहळू ८५-९० अंशांपर्यंत न्या, अर्धा-पाऊण तास ठेवा आणि भांड्यातच थंड होऊ द्या. ढवळाढवळ केलीत किंवा एकदम गार पाणी ओतलंत, तर लोकरीचा नमदा होईल.

तीन, मोजमाप कुणी सांगतच नाही. 'चिमूटभर रंग' हे काही माप नव्हे. १०० ग्रॅम लोकरीला १ ग्रॅम रंग म्हणजे १ टक्का छटा. घरच्या काट्यावर १ ग्रॅम नीट मोजता येत नाही, म्हणून १० ग्रॅम रंग १ लिटर पाण्यात विरघळवून ठेवा आणि त्यातलं १०० मिलिलिटर घ्या. पूड नाकात जाऊ देऊ नका, आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला नको.

चार, धागा कोणता हेच तपासलं जात नाही. आपल्याकडे दुकानात 'लोकर' म्हणून मिळते ती पुष्कळदा ॲक्रिलिक असते. तिला ॲसिड डाय लागत नाही, मग विनेगरची अख्खी बाटली ओता. एक तुकडा चिमट्यात धरून जाळा: केस जळल्याचा वास आणि चुरा होणारी राख म्हणजे लोकर; वितळून कडक गोळी झाली तर ॲक्रिलिक.

या कृती लिहिणाऱ्यांना मी नावं ठेवत नाहीये. त्यांच्यामुळेच तर मी पहिल्यांदा गॅसवर भांडं चढवलं. नवे कपडे मिठाच्या पाण्यात बुडवणारी आपली आजीही अशाच एका अर्ध्या खऱ्या वाक्यावर विसंबून असायची. पण अर्धं खरं वाक्य अडचण करतं ते चूक झाल्यावर, कारण ती कुठे शोधायची तेच कळत नाही. मी बाटलीवरचं विनेगरचं प्रमाण तपासत बसले होते. चूक रंगाच्या डबीत होती.

तुमच्या कृतीत ते वाक्य असेल तर एवढाच बदल करा: 'विनेगर घाला, म्हणजे रंग धाग्यात जाईल. तो टिकतो का, हे पांढरा तुकडा टाचून धुऊन बघा.'

ताईसाठी दुसरं टोपडं विणलंय, मिलिंगच्या पिवळ्यात. तुकडा तीनदा धुऊन पाहिला, पांढरा राहिला. तरी देताना एवढंच म्हणाले, "पहिल्यांदा वेगळं धू हं."