कृष्णधवल व्यक्तिचित्रातील छायाप्रकाश : चक क्लोज यांच्या 'बिग सेल्फ-पोर्ट्रेट'चा चिकित्सक विचार

प्रास्ताविक : रंग वर्ज्य करून केवळ करड्या छटांमधून आकाराची घनता साधण्याची पद्धती युरोपीय चित्रकलेत जुनी आहे. १४३२ मध्ये पूर्ण झालेल्या गेंट येथील वेदीचित्राच्या बाह्य फलकांवर व्हान आयक बंधूंनी दोन संतांच्या आकृती पाषाणशिल्पांसारख्या रंगविल्या. परंतु छायाचित्राने हीच घनता यांत्रिकरीत्या उपलब्ध करून दिल्यानंतर अशा चित्रणाचे प्रयोजन काय उरते? अमेरिकन चित्रकार चक क्लोज (१९४०-२०२१) यांच्या १९६७-६८ मधील आत्मचित्राच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येतो.

तंत्र आणि आशय : मिनीआपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरमधील हे चित्र सुमारे २७३ सें.मी. उंच व २१२ सें.मी. रुंद आहे. स्वतःच्या छायाचित्रावर चौकटी आखून क्लोज यांनी ते मोठ्या कॅनव्हासवर उतरविले. पातळ केलेला काळा ॲक्रिलिक रंग त्यांनी प्रामुख्याने एअरब्रशने फवारला. पांढरा रंग मात्र वापरला नाही. उजळ भाग म्हणजे मोकळे राखलेले किंवा पात्याने, खोडरबराने खरवडून उजळ केलेले पांढरे अस्तर होय. तैलचित्रात उजळ बिंदू बहुधा अखेरीस लावला जातो. येथे प्रकाश लावला जात नाही, तो राखला जातो. रेम्ब्रां यांच्या व्यक्तिचित्रांत छाया गौण तपशील झाकते व मुखावरील भाव उठावदार करते. क्लोज यांची छाया असा पक्षपात करीत नाही. दाढीचे खुंट, चष्म्याची काच व ओठांतील सिगारेट यांना ती सारखेच महत्त्व देते.

आक्षेपांचा परामर्श : हे चित्र म्हणजे छायाचित्राची नक्कल, हा आक्षेप अंशतः ग्राह्य आहे, कारण प्रकाशाची दिशा छायाचित्र घेतानाच निश्चित झाली होती. तथापि, कॅमेऱ्याच्या केंद्राबाहेर गेलेले कान व खांदे यांची धूसरताही क्लोज यांनी तितक्याच निष्ठेने रंगविली आहे. प्रत्यक्ष पाहताना मानवी डोळा क्षणोक्षणी केंद्र बदलतो, म्हणून ही धूसरता त्याला सहसा जाणवत नाही. केवळ आभास निर्माण करणे हा हेतू असता तर चित्रकाराने ती दुरुस्त केली असती. साहजिकच, चेहऱ्याबरोबरच कॅमेऱ्याची दृष्टी हाही या चित्राचा विषय ठरतो. चेहरे ओळखण्यात आपल्याला अडचण येते, असे क्लोज यांनी पुढे सांगितले. त्यावर संपूर्ण मूल्यमापन उभारणे योग्य नव्हे; पण चेहऱ्याचा भूभागासारखा नकाशा काढण्याच्या या वृत्तीशी ते विसंगत नाही.

निष्कर्ष : या चित्रातून त्वचेविषयी पुष्कळ कळते, व्यक्तीच्या अंतरंगाविषयी फारच थोडे. ही त्याची खरी मर्यादा आहे. मात्र, ती कौशल्याच्या अभावातून आलेली नसून, छायाप्रकाशाला भावनेचे साधन न बनविण्याच्या निर्णयातून आलेली आहे. म्हणूनच कृष्णधवल व्यक्तिचित्राची कसोटी केवळ हुबेहूबपणा ही नसून, काळोख कोठे आणि कशासाठी थांबविला, ही आहे.