उप्पलवण्णा थेरीची कथा : विनयाचा निर्णय आणि अट्ठकथेचे निवेदन

वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारांतून थेरींच्या ज्या कथा सांगितल्या जातात, त्यांत उप्पलवण्णेची कथा बहुधा असतेच. श्रावस्तीच्या श्रेष्ठीची ही कन्या. ऋद्धिमती भिक्खुणींमध्ये तथागतांनी जिला अग्रस्थान दिले ती थेरी. अंधवनातील कुटीत एका तरुणाने तिच्यावर बलात्कार केला, तो बाहेर पडताच पृथ्वी दुभंगली आणि तो अवीची नरकात गेला, एवढे सांगून देसना बहुतेक वेळा थांबते. पाप्याला शासन झाले, उपासक-उपासिकांचे समाधान झाले. प्रस्तुत लेखकाने ही कथा अनेक वर्षे अशीच ऐकली आणि, कबूल केले पाहिजे, अशीच सांगितलीही. विनयपिटकातील पाठ समोर ठेवून ती पुन्हा वाचली तेव्हा ध्यानात आले की, ज्या प्रश्नासाठी हा प्रसंग त्रिपिटकात नोंदला गेला, तो प्रश्नच आपल्या कथनातून गळाला आहे.

तो प्रश्न असा : जिच्यावर बलात्कार झाला, ती भिक्खुणी राहते की नाही?

पहिले पाराजिक मैथुनासंबंधीचे आहे. ते घडले की संघातील स्थान कायमचे जाते. नियमाच्या विवेचनानंतर संघासमोर आलेल्या प्रकरणांचे निर्णय दिले आहेत, त्यास विनीतवत्थु म्हणतात. उप्पलवण्णेचे प्रकरण त्यांपैकी एक. निवेदन अगदी कोरडे आहे. तिच्यावर आसक्त झालेला एक तरुण, ती भिक्षेसाठी गावात गेली असता, कुटीत शिरून लपला. भोजनोत्तर ती परतली, पाय धुऊन आत आली, मंचकावर बसली. त्याने तिला धरून दूषित केले. तिने हे भिक्खुणींना सांगितले, भिक्खुणींनी भिक्खूंना, भिक्खूंनी भगवंतांना. निर्णय एवढाच की, जिची संमती नव्हती तिला आपत्ती नाही. पृथ्वी येथे दुभंगत नाही. तरुणाचे नाव नाही. थेरी अर्हत होती, याचाही उल्लेख नाही. तिची उलटतपासणी झाली, तिच्या अंगावर काही खुणा होत्या काय हे पाहिले गेले, असेही पाठात कोठे नाही.

पाठातील क्रियापद ‘दूसेसि’ असे आहे, म्हणजे ‘दूषित केले’. ही समाजाची भाषा. आपल्याकडे ‘बाटली’, ‘अब्रू गेली’ असे जे म्हणतात, त्याच जातीची. निर्णय मात्र त्या भाषेच्या विरुद्ध जातो. जिला लोक दूषित म्हणतील ती संघाच्या दृष्टीने पूर्ववत भिक्खुणी आहे. तिला प्रायश्चित्त नाही आणि शुद्धीही नाही, कारण शुद्ध करावे असे काही घडलेलेच नाही.

निर्णयाचा सारा भार ‘सादियति’ या एका क्रियापदावर आहे, आणि मराठीत ते कसे आणावे हा केवळ भाषांतरकाराच्या आवडीचा प्रश्न नाही. या क्रियापदाला आस्वाद घेणे आणि स्वीकार करणे अशा दोन्ही छटा आहेत. ‘जिने सुख मानले नाही’ असा अनुवाद केला की चौकशी स्त्रीच्या शरीराकडे वळते. ‘जिने संमती दिली नाही’ असा केला की ती तिच्या इच्छेकडे वळते. आमच्या मते दुसरा अर्थच विनयाला धरून आहे. भिक्खुणींच्या पहिल्या पाराजिकात ‘छन्दसो’, म्हणजे स्वेच्छेने, हा शब्द नियमातच घातलेला आहे. भिक्खूंच्या नियमात तो नाही. शिवाय याच विनीतवत्थूत वैशालीच्या लिच्छवी कुमारांचे प्रकरण आहे. त्यांनी एका भिक्खूला धरून एका भिक्खुणीशी बळजबरीने दुराचार करावयास लावले. दोघांची संमती असेल तर दोघांनाही संघातून काढावे, दोघांची नसेल तर दोघांनाही आपत्ती नाही, असा निवाडा तेथे आहे. म्हणजे कसोटी स्त्रीला आणि पुरुषाला एकच, आणि ती थोर थेरींसाठी राखून ठेवलेली नाही.

आता धम्मपदाच्या अट्ठकथेकडे वळावे. आपल्या देसनांतील कथा येथून येते. अट्ठकथाकाराने तरुणाला नाव दिले, नंद. त्याला तिचा मामेभाऊ केले, आणि गृहस्थावस्थेपासूनच तो तिच्यावर अनुरक्त होता, असे सांगितले. गुन्ह्याला पूर्वपीठिका मिळाली. उन्हातून अंधाऱ्या कुटीत आल्यामुळे तिला काही दिसले नाही, हा तपशील आला. तो सहानुभूतीचाच आहे. पण तो देण्याची गरज का वाटली असावी? तिने पाहिले कसे नाही, असे कोणीतरी विचारणारच, हे निवेदकाला ठाऊक होते. पुढे पृथ्वी दुभंगते. या चमत्काराने अपराध्याचा निकाल लागतो खरा. परंतु तो लावण्याची जबाबदारी कोणाही माणसावर उरत नाही.

याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. काही काळानंतर धर्मसभेत भिक्खू आपसांत बोलू लागतात की, क्षीणास्रवही कामसुखाचा आस्वाद घेत असतील. तेही काही वाळलेले लाकूड किंवा वारूळ नव्हेत, त्यांचेही शरीर ओलसर मांसाचेच. क्रियापद तेच, ‘सादियति’. मात्र आता त्याला ‘कामसुख’ हे कर्म जोडलेले आहे. विनयातला संमतीचा प्रश्न सरकत सरकत सुखाचा प्रश्न झाला. तथागतांचे उत्तर कमळाच्या पानावर न टिकणाऱ्या पाण्याच्या थेंबाचे आहे : आसव क्षीण झालेल्याच्या चित्ताला काम चिकटत नाही. उत्तर उदात्त आहे. पण ते अर्हताविषयीचे आहे. मग जी अर्हत झालेली नाही, जी कालच प्रव्रजित झाली, जी साधी उपासिका आहे, तिचे काय? अट्ठकथेची थेरी निर्दोष ठरते ती तिच्या सिद्धीमुळे. विनयाची थेरी निर्दोष ठरते ती केवळ तिची संमती नव्हती म्हणून. दोन्ही ग्रंथ एकाच परंपरेचे असले तरी हा फरक लहान नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली ‘महाबोधि’ मासिकातील हिंदू स्त्रीच्या उन्नती व अवनतीवरील निबंधात, स्त्रियांशी भिक्खूंनी कसे वागावे यासंबंधीचा महापरिनिब्बानसुत्तातील आनंदाचा संवाद मागाहूनचा ठरवला. ग्रंथातील थर वेगळे करून वाचण्याची ही दृष्टी अट्ठकथेलाही लावली पाहिजे.

अट्ठकथेच्या पदरी एक श्रेय मात्र घातलेच पाहिजे. तीत तथागत पसेनदि राजाला सांगतात की, कुलपुत्रांप्रमाणे कुलकन्याही घरदार सोडून अरण्यात राहतात आणि कामांध पापी पुरुष त्यांचा छळ करतात. तेव्हा नगरात त्यांच्यासाठी निवास बांधावा. दोष कोणाचा हे येथे स्पष्ट आहे, आणि रक्षणाची जबाबदारी राजसत्तेवर टाकलेली आहे. चुल्लवग्गात मात्र, धूर्तांनी अरण्यातील भिक्खुणींना भ्रष्ट केल्यावर, भिक्खुणींनी अरण्यात राहू नये असा नियम येतो. संघाची सत्ता धूर्तांवर चालत नव्हती, भिक्खुणींवर चालत होती. म्हणून बंधन भिक्खुणींवर आले. याचे समर्थन व्यवहाराच्या पातळीवर करता येईल, न्यायाच्या पातळीवर करता येणार नाही. त्याच खंधकात अड्ढकासीचे प्रकरण आहे, ते अधिक आशादायक. ती उपसंपदेसाठी श्रावस्तीला निघाली तो वाटेत धूर्त दबा धरून बसले. तेव्हा, येऊ नकोस, असे तिला सांगितले गेले नाही. दूतीकरवी उपसंपदा देण्याची अनुज्ञा झाली.

हा सगळा ऊहापोह पाली भाषेच्या अभ्यासकांपुरता नाही, हे पटविण्यास महाराष्ट्रातीलच एक प्रकरण पुरेसे आहे. मार्च १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. १९७४ साली सत्र न्यायालयाने त्यांना सोडताना मुलीच्या पूर्वायुष्यावर बोट ठेवले. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये निर्णय फिरविला. भीतीपोटी निमूटपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असा भेद त्याने केला. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही उलटविला : अंगावर जखमा नाहीत, तेव्हा प्रतिकार नव्हता, प्रतिकार नव्हता, तेव्हा संमती असली पाहिजे. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रियांनी निदर्शने केली, १९८३ साली कायदा बदलला. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येणार नाही, हे वाक्य कायद्यात यावयास मात्र २०१३ साल उजाडले. ते आता २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही आहे.

कायदा बदलला तरी धर्मसभेतील ती कुजबुज थांबलेली नाही. सप्टेंबर २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील माय-लेकींची आणि दोन मुलांची हत्या झाली, तेव्हा मारणाऱ्यांची चर्चा होण्याआधी त्या मातेच्या चारित्र्याची झाली. ती बाहेरच्यांनी केली, हे म्हणणे सोपे आहे. पण आपल्या वस्तीतली एखादी मुलगी पोलीस ठाण्यातून परत येते तेव्हा, ती तिकडे गेलीच कशाला, हे विचारणारे घर आपलेही असते. लग्न कसे जमायचे, म्हणून तक्रार मागे घ्यायला सांगणारे वडीलधारेही आपलेच असतात. त्यांतले कित्येक दर पौर्णिमेला विहारात येतात.

भिक्खुणीसंयुत्तात उप्पलवण्णा पुन्हा भेटते. फुललेल्या सालवृक्षाखाली ती एकटी उभी आहे, आणि मार तिला विचारतो की, तुला धूर्तांचे भय वाटत नाही काय? असे एक लक्ष धूर्त आले तरी आपला रोमही हलणार नाही, असे ती उत्तर देते. मार ओळखला गेला म्हणून खिन्न होऊन निघून जातो. थेरी तेथेच, झाडाखाली आहे.