आधी 'शाळा' वाचावी, मग पाहावी

मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ साली मौज प्रकाशनातर्फे प्रसिद्ध झाली. सुजय डहाके यांनी तिच्यावर काढलेला त्याच नावाचा चित्रपट २०१२ च्या जानेवारीत पडद्यावर आला. २०११ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला आणि अविनाश देशपांडे निगडी यांना रूपांतरित पटकथेचा पुरस्कार मिळाला. तेव्हा चित्रपट चांगला की वाईट, हा वाद मला घालायचा नाही. तो चांगलाच आहे. माझ्यासमोर प्रश्न वेगळा आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. नववी-दहावीच्या मुलांना या कादंबरीचे नाव सांगितले की उत्तर येते, "टीचर, पिक्चर मोबाइलवर पाहिला आहे, मग पुस्तक कशाला?" या प्रश्नाला 'वाचन चांगले असते' असे गुळमुळीत उत्तर देऊन चालत नाही. कादंबरीत असे काय आहे, जे चित्रपट आधी पाहिल्यास हातून निसटते, हे सांगावे लागते.

कथा साधी आहे. काळ आणीबाणीचा. नववीत शिकणारा मुकुंद जोशी आणि सुऱ्या, चित्रे, फावड्या ही त्याची दोस्तमंडळी. जोशीचे मन वर्गातल्या शिरोडकर नावाच्या मुलीवर जडले आहे. सगळी हकीकत जोशीच सांगतो, तीही बाकावरच्या पोराच्या बोलीत. मास्तरांना ठेवलेली नावे, मुलींबद्दलचे अंदाज, घरच्यांपासून लपवलेल्या गोष्टी, सारे त्याच एका आवाजात येते. पाठ्यपुस्तकातल्या धड्यांत आमच्या मुलांना जी मराठी भेटते ती इस्त्री केलेली असते. तिच्यात ती अडखळतात. 'शाळा'तली मराठी मात्र त्यांनी गल्लीत, बसथांब्यावर आणि क्रिकेटच्या मैदानात ऐकलेली असते. जाडजूड पुस्तक पाहून घाबरलेली मुले दहा पाने वाचली की सैलावतात. ही भाषा आपल्यालाही येते, हा दिलासा त्यांना परीक्षेतल्या गुणांनी मिळत नाही. चित्रपटात संवाद असतात, पण संवादांच्या मधले जोशीचे न थांबणारे मनातले बोलणे फारच थोडे उरते. दोन तासांच्या आत तीनशे पानांच्या घरातली कादंबरी बसवायची तर दुसरे काय होणार?

दुसरी गोष्ट नावांची. या कादंबरीत मुलामुलींची ओळख बहुतेक आडनावानेच होते. ती शिरोडकर आणि तो जोशी. आपल्या उर्दू शाळांत असे होणे कठीण. एकाच हजेरीपटावर इतके शेख आणि खान असतात की पहिल्या नावाशिवाय गत्यंतर नसते. म्हणून मला हे आडनावांचे प्रकरण विशेष जाणवले. ज्या मुलीवर जीव जडला तिचा विचारही जोशी आडनावाने करतो. त्या आडनावात अदब आहे, भीती आहे आणि अंतरही आहे. ती वर्गात कधी येते, कोणत्या रस्त्याने जाते, मान कधी वळवते, एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर तो तिला मनात घडवतो. वाचणाऱ्यालाही तेच करावे लागते. चित्रपटात केतकी माटेगावकर यांचा चेहरा पहिल्यापासूनच मिळतो. चेहरा गोड आहे, कामही समजून केलेले आहे. पण एकदा तो डोळ्यांत बसला की पुस्तक उघडल्यावर आपली शिरोडकर उभीच राहत नाही. पुस्तकानंतर चित्रपट पाहता येतो. त्याच्या उलट केले तर कल्पनाशक्तीला कामच उरत नाही.

तिसरी गोष्ट आणीबाणीची. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ हा काळ आमच्या मुलांना इतिहासाच्या पुस्तकातला एक परिच्छेद म्हणून ठाऊक असतो. कादंबरीत तो मोठ्यांच्या अर्धवट कानावर पडणाऱ्या बोलण्यातून येतो. शाळेतली शिस्त आणि देशातली शिस्त यांचा सांधा लेखक कुठेही समजावून सांगत नाही. ज्यांना आपण घाबरतो ती मोठी माणसेही कुणाला तरी घाबरून आहेत, हे मुलाला हळूहळू उमगते. माझ्या मते या कादंबरीत वयात येणे म्हणजे हेच. मुले चित्रपट पाहून 'लव्ह स्टोरी' एवढेच घेऊन उठतात, तेव्हा हा भाग हरवलेला असतो.

बी.एड.ला आम्ही स्टॅन्ले हॉल यांचे मत पाठ केले होते, की किशोरावस्था हा वादळाचा आणि ताणाचा काळ. त्यांचा ग्रंथ १९०४ सालचा. त्या शंभर वर्षांनंतरच्या कादंबरीतला जोशी मला वादळापेक्षा हिशेबी वाटला. तो पाहतो, जुळवतो, बेत आखतो. बाकावरून शिक्षक कसे दिसतात, हेही त्यानेच मला शिकवले. शिक्षक-प्रशिक्षणात हे पुस्तक लावायला हवे.

कादंबरीत उणीव नाही असे नाही. नववीतल्या एका मुलीने पुस्तक परत देताना विचारले, "शिरोडकरला काय वाटत होते ते कुठेच का नाही?" प्रश्न रास्त आहे. कथा जोशीच्या तोंडून आल्यामुळे मुलीचे मन बंदच राहते. शेवटी ती गाव सोडून जाते, तेव्हाही तिच्या बाजूचा हिशेब आपल्याला मिळत नाही. एका मुलाच्या नजरेचे हे प्रामाणिक चित्र आहे, पण अर्धे आहे. इथे चित्रपट थोडी भरपाई करतो. पडद्यावर शिरोडकरही जोशीकडे पाहते, आणि त्या पाहण्यात तिची स्वतःची मर्जी दिसते. पण हे चित्रपटाचे देणे आहे, हे ज्याने आधी कादंबरी वाचली त्यालाच कळते. नुसता चित्रपट पाहणाऱ्याला ते मुळातलेच वाटेल.

त्या मुलीला मी सांगितले, शिरोडकरच्या वहीतले एक पान तूच लिही. तिने उर्दूत दीड पान लिहिले, आणि मग मराठीत करायला माझ्याकडे शब्द विचारू लागली. 'मग पुस्तक कशाला' या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही.