प्रतिनायक की नाकारलेला वारस?

आमच्या अभ्यासमंडळात दर महिन्याला एक विद्यार्थी निबंध वाचतो आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात. गेल्या पावसाळ्यात एम. ए. च्या एका मुलाने जो विषय आणला, तो ऐकून दोन जुने कार्यकर्ते चहाच्या निमित्ताने बाहेर गेले. विषय होता मॅलेकिथ. इंग्लंडात तयार झालेल्या 'वॉरहॅमर' या युद्धखेळातला हा एक राजा. क्रूर, कपटी, गुलामांचा धनी. मुलाचा दावा असा की, मॅलेकिथ खलनायक नाही, तो प्रतिनायक आहे. निबंधाच्या शेवटी त्याने लिहिले होते की, ज्याचा हक्क सभेने नाकारला आणि वर त्यालाच पापी ठरवले, त्याचे दुःख आपल्याला कळणार नाही तर कोणाला कळणार? हे वाचताना त्याचा आवाज कापला. म्हणून मी चहाला गेलो नाही.

खेळातल्या बाहुल्यांवर समीक्षा कसली, असे काही वाचक म्हणतील. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, आपली मुले नायकाची कल्पना आता केवळ पुस्तकातून घेत नाहीत. ती जिथून घेतात तिथे समीक्षेने गेलेच पाहिजे. नाक मुरडून भागणार नाही.

या खेळाची थोडी माहिती देतो. 'गेम्स वर्कशॉप' ही कंपनी १९७५ साली लंडनमध्ये सुरू झाली; आज तिचे ठाणे नॉटिंगहॅमला आहे. वॉरहॅमर निघाला १९८३ साली. इंच-दीड इंच उंचीचे प्लास्टिकचे किंवा धातूचे सैनिक स्वतः रंगवायचे, टेबलावर फौजा मांडायच्या आणि फासे टाकून, पट्टीने अंतर मोजून लढायचे. प्रत्येक सैनिकाची किंमत गुणांमध्ये ठरलेली असते आणि दोन्ही फौजांची बेरीज सारखी ठेवून लढाई होते. प्रत्येक फौजेचे एक पुस्तक असते. त्यात नियमांच्या जोडीला त्या लोकांचा इतिहास, त्यांच्या वंशावळी, त्यांची वैरे दिलेली असतात. पुढे या इतिहासावर कादंबऱ्याही निघाल्या. गॅव्ह थॉर्प यांची 'मॅलेकिथ' ही २००९ सालची कादंबरी त्या मुलानेच मला आणून दिली.

कथा अशी. एल्फ लोकांच्या उल्थुआन बेटावर राक्षसी सैन्ये चालून येतात. देव हाकेला धावत नाहीत. तेव्हा एनॅरियन हा वीर असुरयान देवाच्या पवित्र अग्नीत उडी घेतो, जिवंत बाहेर येतो आणि पहिला 'फिनिक्स राजा' होतो. मॅलेकिथ हा त्याचा मुलगा. बाप युद्धात गेल्यावर सरदारांची सभा भरते. मुलाला आणि विशेषतः त्याची आई मोराथी हिला भिऊन सभा दुसऱ्याच घराण्यातल्या बेल शानारला राजा करते. मॅलेकिथ वरवर मान तुकवतो, दूरदेशी लढतो, कीर्ती मिळवतो. परत आल्यावर तो बेल शानारला विष घालतो, सरदारांची कत्तल करवतो आणि स्वतः अग्नीत शिरतो. अग्नी त्याला होरपळून टाकतो. जळक्या देहावर तापलेले काळे चिलखत कायमचे जडवले जाते. यादवीत बेटाचे तुकडे पडतात, त्याचे लोक नॅगारोथ या थंड, ओसाड प्रदेशात पळतात आणि तिथे गुलामांच्या श्रमावर आपली शहरे चालवतात. पुढची हजारो वर्षे मॅलेकिथ एकच गोष्ट मागतो: बापाची गादी.

प्रामाणिकपणे सांगतो, कादंबरीचा पूर्वार्ध वाचताना मीही त्याच्या बाजूला झुकलो होतो. पराक्रम असून डावलले जाणे, आईच्या नावाने बोट दाखवले जाणे, हे वाचताना आपली जुनी जखम बोलू लागते. ही सहानुभूती खोटी नाही. पण तिच्यावरून निर्णय देता येत नाही.

आधी शब्दाचा घोळ मिटवला पाहिजे. 'प्रतिनायक' हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. संस्कृत नाट्यविचारात प्रतिनायक म्हणजे नायकाचा शत्रू. धनंजयाच्या 'दशरूपका'त तो लोभी, उद्धत, पापकर्मी, व्यसनी असा सांगितला आहे. टीकेत उदाहरणे येतात ती रावणाची आणि दुर्योधनाची. म्हणजे ज्याला आज आपण खलनायक म्हणतो तोच. या अर्थाने मॅलेकिथ प्रतिनायक आहेच, वाद नाही. मात्र त्याच शास्त्रात नाटकाचा नायक कसा असावा तेही सांगितले आहे. तो प्रख्यात वंशातला राजर्षी असावा किंवा दिव्य असावा. वंश आधी, कर्तृत्व नंतर. नायक आणि प्रतिनायक हे एकाच शिडीवर उभे असतात. भांडण असते ते वरच्या पायरीचे.

दुसरा अर्थ पाश्चात्त्य आहे. दस्तयेवस्कीने १८६४ सालच्या आपल्या तळघरातल्या माणसाच्या तोंडी हा शब्द घातला, तेव्हा तो माणूस कोणाचा शत्रू म्हणून उभा नव्हता. नायकाचे मोजमाप ज्याला लागूच पडत नाही, असा तो होता: किरकोळ, चिडका, हरलेला, पण त्या मोजमापाचीच लाज चव्हाट्यावर मांडणारा. या अर्थाचा प्रतिनायक शिडी नाकारतो, निदान तिच्यावरून ढळतो. माझ्या विद्यार्थ्याने शब्द घेतला पहिल्या परंपरेतला आणि मान मागितला दुसऱ्या परंपरेतला. हा दोष त्याच्या एकट्याचा नाही. आमच्या वर्गांतूनही हा शब्द असाच सैल शिकवला जातो.

मग विचारावे लागते की मॅलेकिथ काय नाकारतो? राजपद नाकारत नाही. अग्निदिव्य नाकारत नाही. उलट त्यासाठी खून पाडतो. रक्ताचा अधिकार तर त्याचा एकमेव युक्तिवाद आहे. त्याच्या सगळ्या बंडात एकही असे मूल्य नाही, जे त्याच्या शत्रूंचे नाही. सरदारांनी त्याला त्या दिवशी मुकुट दिला असता, तर त्याला व्यवस्थेबद्दल एका अवाक्षराचीही तक्रार उरली नसती.

यावर मुलाने जे उत्तर दिले, ते त्याच्या निबंधातले सर्वांत बळकट स्थळ होते. २०१४ साली कंपनीने या जगाच्या अंताची कथा काढली. तिच्यात एक गुपित फुटते. बेल शानारपासून पुढचे सगळे फिनिक्स राजे अग्नीतून खरे पार पडलेच नव्हते. मंत्रवेत्त्यांनी जादूचे कवच घालून त्यांना सुखरूप पलीकडे नेले होते. मॅलेकिथ मात्र काही क्षण अधिक टिकला असता तर अग्नीने त्याला स्वीकारले असते. तो वेदनेने आधी बाहेर पडला, एवढेच. 'सर, हे तर गुणवत्तेच्या परीक्षेसारखंच झालं,' मुलगा म्हणाला. 'त्यांना आतून मदत, आणि आपल्याला नापासाचा शिक्का.'

खोलीत सगळे गप्प झाले. चहाला गेलेले एव्हाना परत येऊन दारात उभे होते. मलाही हे कल्पनेतले फार मोठे स्थळ वाटते. ज्याने कोणी ते रचले त्याला सत्तेच्या पावित्र्याचे आतले यंत्र दिसले होते. परंतु कथा या शोधाचे करते काय? जिथे अग्नीच खोटा पडला, तिथे अग्नी विझवावा, मुकुट मोडावा, हे कोणाला सुचत नाही. परीक्षा रद्द होत नाही. खऱ्या वारसाला पुन्हा परीक्षेला बसवतात आणि या खेपेस तो उत्तीर्ण होतो. मॅलेकिथ सर्व एल्फांचा राजा होतो. आणि त्याचा प्रतिस्पर्धी टायरियन? तोही एनॅरियनचाच वंशज. भांडण घरातल्या घरात मिटते. हजारो वर्षे नॅगारोथच्या शहरांत ज्यांनी दगड वाहिले, त्या गुलामांच्या मुक्तीवर ही कथा फिरत नाही. तिचा निर्णायक प्रश्न शेवटपर्यंत गादीचाच राहतो.

याच जातीच्या वाङ्मयात खरा प्रतिनायक कसा दिसतो, हे पाहायचे तर मायकेल मूरकॉक यांच्या एल्रिककडे जावे लागते. १९६१ साली 'द ड्रीमिंग सिटी' या कथेतून तो प्रथम आला. वॉरहॅमरने आपली 'केऑस' ही कल्पना आणि तिचे आठ बाणांचे चिन्ह मूरकॉककडूनच उचलले. एल्रिक हा मेल्निबोने या क्रूर, गुलाम बाळगणाऱ्या साम्राज्याचा सम्राट. पांढऱ्याफटक कातडीचा, औषधांवर आणि माणसांचे आत्मे पिणाऱ्या तलवारीवर जगणारा. गादी हक्काने त्याचीच आहे. तरी तो लुटारूंचे आरमार घेऊन आपल्याच राजधानीवर चालून जातो आणि ती जाळतो. त्या धुमश्चक्रीत त्याची प्रेयसी त्याच्याच तलवारीने मरते. तो जिंकतो तरी हरलेला असतो, आणि ज्या वैभवाने त्याला घडवले त्याचा त्याला वीट आलेला असतो. मॅलेकिथने एल्रिकच्या वर्तुळातली काळी छटा घेतली, काळे चिलखत चढवले. तो वीट तेवढा घेतला नाही.

अर्थात एल्रिकही आपला नव्हे. त्याचे बंड हे वाड्यातल्या माणसाला वाड्याची आलेली शिसारी आहे. ती खरी असेल, पण वाड्याबाहेर जन्मलेल्याचा नकार वेगळ्या जागेवरून येतो.

त्या जागेची खूण मला कादंबरीत मिळाली नाही, नियमांच्या पुस्तकात मिळाली. या खेळाच्या नंतरच्या आवृत्त्यांत फौजेची वर्गवारी ठरलेली असे: 'लॉर्ड', 'हीरो', आणि त्यांच्याखाली साधे सैनिक. 'हीरो' हा तिथे सुभेदार-जमादारासारखा हुद्दा आहे. खलांच्या फौजेतही हीरो असतात, गुणांची किंमत मोजली की मिळतात. म्हणून टेबलावर प्रतिनायक संभवत नाही. तिथे प्रत्येक सेनापती आपापल्या बाजूचा नायकच. आणि सर्वांत खाली? उंदीरमाणसांच्या, म्हणजे स्केव्हनांच्या, २००९ सालच्या पुस्तकात गुलामांची तुकडी आहे. एका गुलामाची किंमत २ गुण. हातघाईच्या लढाईवर दुरून मारा करू नये, आपलीच माणसे मरतील, असा या खेळाचा सर्वसाधारण नियम. गुलामांना तो लागू नाही. ते शत्रूशी भिडलेले असताना त्यांच्याच बाजूने त्यांच्यावर खुशाल मारा करावा, अशी लेखी परवानगी आहे. मॅलेकिथसारख्याला शेकडो गुण, पानभर चरित्र आणि स्वारीला सेराफॉन नावाचा काळा ड्रॅगन. गुलामाला नाव नाही.

मी मुलाला विचारले, 'तुला यांच्यावर का लिहावंसं वाटलं नाही?' तो म्हणाला, 'सर, त्यांच्याविषयी लिहायला काही दिलेलंच नाही.' उत्तर खरे होते. पण १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा बळीविषयी तरी पुराणांनी काय दिले होते? पाताळात दडपलेला एक दैत्य. जोतीरावांनी बळीला वामनाचा डावललेला भाऊबंद ठरवले नाही, की त्याच्यासाठी कोणत्या अग्नीचा कौल मागितला नाही. न्यायासनच बदलले. वामन आक्रमक ठरला आणि बळी रयतेचा राजा. खलनायकाचे पुनर्वाचन असे असते.

बैठक मोडता मोडता मुलाने मला कोंडीत पकडले. 'सर, मग कर्णाचं काय करायचं?' 'मृत्युंजय' १९६७ साली आली आणि तेव्हापासून कर्ण मराठी घराघरात रडवतो आहे, आमच्या वस्तीतही. सूतपुत्र म्हणून हिणवलेला. पण तो मुळात कुंतीचा, क्षत्रिय रक्ताचा, हे वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असते. त्याचे दुःख वंशाच्या व्यवस्थेचे दुःख म्हणून रडवते, की वंश ओळखला गेला नाही याचे? खऱ्या सूताच्या मुलासाठी, अधिरथाच्या पोटी जन्मलेल्या कर्णाच्या धाकट्या भावांसाठी, कोणी इतकी पाने लिहिली आहेत काय?

हा प्रश्न मी विचारला खरा, पण विचारताना माझाच घसा कोरडा पडला, कारण मॅट्रिकच्या वर्षी ती कादंबरी मी उशाशी घेऊन झोपत होतो. मुलाने ते ओळखले असावे. पुढच्या बैठकीला तो कर्णावर लिहून आणणार आहे, आणि दोघा जुन्या कार्यकर्त्यांनी त्या दिवशी चहा आतच मागवायचे ठरवले आहे.