गुलाबांचा ढीग कोण उपसतो?

लॉरेन्स अल्मा-टाडेमा या चित्रकाराचे १८८८ सालचे ‘हेलिओगाबालसचे गुलाब’ हे चित्र पाहणारा आधी रंगावर भाळतो. रोमचा हा पोरसवदा सम्राट (इ. स. २१८ ते २२२) मेजवानीत छतातून पाकळ्यांचा असा लोंढा सोडतो, की खालचे पाहुणे त्यात गुदमरावेत. स्वतः सोनेरी झग्यात वरच्या मंचावर पहुडून तो गंमत पाहतो. मागे एक बाई जोडपावा वाजवते आहे. आपण मरण पाहतो आहोत, हे त्या गुलाबी रंगात ध्यानातही येत नाही.

ही कथा एका जुन्या लॅटिन चरित्रातली. ते फारसे भरवशाचे नाही, आणि त्यात फुले आहेत ती व्हायोलेटची व इतर. गुलाब चित्रकाराचे. त्यासाठी त्याने हिवाळाभर दर आठवड्याला दक्षिण फ्रान्समधून ताजे गुलाब मागवले! चित्र करवून घेतले सर जॉन एर्ड यांनी, ४,००० पौंडांना. हे एर्ड बडे बांधकाम कंत्राटदार. नाईलवरचे आस्वान धरण (१८९८–१९०२) पुढे त्यांच्याच कंपनीने बांधले. त्यांच्या भिंतीवर हे चित्र शोभलेच असेल.

माझा प्रश्न साधा आहे. छत उघडले कोणी? एवढ्या पाकळ्या खुडल्या, वाहिल्या, वर चढवल्या कोणी? रोमचा थाट गुलामांच्या कष्टावर उभा होता. इथे मरणारे खुशमस्करे आणि मारणारा धनी, दोघेही चौकटीत आहेत. राबणारे हात तेवढे बाहेर. अजिंठ्याच्या भिंतींवरही राजविलास आहे, पण तिथे चवरी ढाळणारी दासी राजाजवळ उभी दिसते. तिला निदान चेहरा आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त रोमचा दाखला दिला, तोही संगमरवराचा नव्हे, प्लेबियन जनतेचा.

मी भाईंदरला राहतो. खाडीपलीकडे सोपारा. रोमकाळच्या सागरी व्यापाराच्या वर्णनात या बंदराचे नाव येते. हिंदुस्थान दरसाल ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी प्लिनीची तक्रार होती. त्यातले कापूस वेचणारीच्या पदरात काय पडले, याची तक्रार कोणी लिहून ठेवली नाही.

आज महाराष्ट्रात पुढाऱ्यांवर जेसीबीतून फुले उधळतात. फोटो निघतात. मग रस्त्यावर चिकटलेल्या पाकळ्या कंत्राटी सफाई कामगार खरवडून काढतो. त्याची जात विचारावी लागत नाही.

हे चित्र वर्गात दाखवणाऱ्या शिक्षकाने मुलांना एक काम द्यावे: दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू घेऊन त्या दालनात जो शिरला असेल, त्याचे चित्र काढा.