विज्ञानकथालेखन
विज्ञानकथालेखन : विज्ञानातील ज्ञात तत्त्व किंवा तर्काने संभाव्य वाटणारा शोध गृहीत धरून त्याचे मानवी जीवनावरील परिणाम दाखविणाऱ्या कथेस विज्ञानकथा म्हणतात. अद्‌भुतकथेतील गृहीतकास विज्ञानाची संमती लागत नाही. तथापि लेखकाने स्वतः घालून दिलेले नियम त्याला शेवटपर्यंत पाळावे लागतात.

मराठीत या लेखनाचे पहिले धडे अनुवादांनी दिले. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी झ्यूल व्हेर्नच्या कादंबऱ्या कुमारवाचकांसाठी मराठीत आणल्या. मराठी विज्ञान परिषदेच्या (स्थापना १९६६) विज्ञानकथास्पर्धेमुळे स्वतंत्र लेखनास चालना मिळाली. १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाच्या कीर्तीचा आधार नसताना कथा केवळ कथा म्हणून पारखली गेली, हे नवोदितांच्या दृष्टीने महत्त्वाचे होय. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर आदींनी ही परंपरा विस्तारली.

नवशिक्यांच्या कथांत एक दोष वारंवार आढळतो. प्रयोगशाळेतील एक पात्र दुसऱ्यास व्याख्यान देते आणि कथा थांबते. याचा उगम विज्ञानप्रसाराच्या स्तुत्य हेतूतच आहे. परंतु माहिती म्हणजे कथा नव्हे. एच. जी. वेल्सच्या द इन्व्हिजिबल मॅन (१८९७) या कादंबरीतील अदृश्य माणसाचे कपडे मात्र दिसतात. म्हणून लपण्यासाठी त्याला थंडीत उघडे फिरावे लागते. गृहीतक एकच, पण ते देहाला झोंबते. विज्ञानाचा अंश काढून घेतल्यावरही कथा जशीच्या तशी उरत असेल, तर तो अंश केवळ अलंकार समजावा.

विषयासाठी अंतराळातच जावे लागते असे नाही. आंदर मावळात ठोकरवाडी धरणाने अडविलेले, एरवी पूर्वेकडे वाहणारे आंध्रा नदीचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस भिवपुरीच्या वीजकेंद्राकडे वळविले गेले (१९२२). नदीची दिशा फिरविणारे यंत्र हा विज्ञानकथेचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग शेजारच्या मुळशी खोऱ्यातील शेतकऱ्यांनी १९२१ साली धरणाविरुद्ध केलेल्या सत्याग्रहात दिसतो : वीज कोणाच्या घरी गेली आणि जमीन कोणाची बुडाली? हा प्रश्न विचारण्यास जो लेखक शिकला, त्याची विज्ञानकथा तीत वर्णिलेले यंत्र जुने झाल्यावरही वाचनीय राहते.